तीन पेट्यांचं अक्षर

ग्रंथालयाची नवी कार्डं चारला वाटायची होती आणि तीन वाजले तरी सूनबाईचा कार्डं छापायचा प्रोग्राम हट्टाला पेटलेला. इंग्रजी नावं झकास छापली जात होती, मराठी नावांचा मात्र पार भुगा. सासऱ्यांचं कार्ड तर तिने मुठीतच दडवलं. जन्मभर गोदामात पेट्या भरलेला माणूस, पासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकला. आज आयुष्यातलं पहिलं कार्ड मिळणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून ते सकाळपासून बाकावर बसून होते.

"दाखव गं."

"थांबा ना बाबा, कच्चं आहे अजून."

त्यांनी ते काढून घेतलंच. कार्डावर होतं: 8&>6?5.

"हे माझं नाव? आणि मध्ये प्रश्नचिन्ह! यंत्रालाच शंका दिसते, हा बाबा कोण म्हणून!"

ग्रंथपालबाई फिसकन हसल्या. सूनबाई रडकुंडीला आली.

"अहो, छपाईयंत्राला मजकूर बाइटमध्ये भरून द्यावा लागतो. बाइट म्हणजे छोटी पेटी समजा. माझी सगळी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, एकमेकांत नीट बसलीत, माहितीचे प्रकार जुळलेत, चुका पकडणारा कंपायलर हूं की चूं करत नाही."

"अक्षर मावतं का पण पेटीत?"

"इंग्रजी मावतं. मराठी..." ती थबकली.

"मग उरलेलं जातं कुठे?"

तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारला. ते फंक्शन दर अक्षराला एकच पेटी देत होतं. मावेना ते बिनबोभाट कापून टाकत होतं.

"अगं, मोठं कपाट आम्ही सुटं करून तीन पेट्यांत भरायचो. करवत नव्हतो चालवत!"

"तेच करायचंय, बाबा. मराठी अक्षराला तीनच पेट्या लागतात." तिने ते फंक्शन काढून त्या जागी अक्षराला लागतील तेवढ्या पेट्या देणारं, यूटीएफ-८ पद्धतीचं घातलं.

"आणि उघडणाऱ्याला कसं कळायचं, कुठल्या तीन एकत्र?"

"पहिल्या पेटीवरच खूण असते."

"मग ही युक्ती ज्याने काढली तो गोदामातलाच असणार."

चारला दहा कमी असताना यंत्र घरघरलं. सासऱ्यांनी कार्डावर बोट ठेवून नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग ग्रंथपालबाईंनाही वाचून दाखवलं. मग दोन्ही कार्डं खिशात घातली.

"ते बिघडलेलं कशाला, बाबा?"

"राहू दे. पुस्तक परत करायला उशीर झाला, की हे पुढे करीन. सभासद दुसराच आहे म्हणून सांगेन!"