यंदाची खीर ग्लूटेन-फ्री

धर्मपालजींचा छापील अक्षरावर विश्वास नव्हता. बायकोवर होता, पण तोही तपासून घेतलेला. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी प्रयोगशाळेत काढली. खनिजाचा ट्रक आला की सोबतच्या कागदावर काय लिहिलंय हे ते सगळ्यात शेवटी वाचत. "वरचा माल सगळेच चांगला ठेवतेत," असं म्हणून ढिगाच्या पोटातून नमुना काढायला लावत. तो मिसळायचा, सपाट करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असं करत करत शेवटी जी मूठभर पूड उरे तिच्यावर त्यांचा भरवसा, बाकी साऱ्या जगावर संशय. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसणार म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, धसकाच घेतला होता. त्यात नात आजारी पडली आणि धर्मपालजींना काम मिळालं. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झालं तसंच.

नात म्हणजे साक्षी, मुलगा बुद्धभूषण आणि सून अनुश्री यांची एकुलती एक पोर. पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, बरोबरीच्या मुली उंच झाल्या आणि ही होती तेवढीच. दवाखान्यांच्या पुष्कळ चकरा झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गव्हात आणि जवात जे ग्लूटेन असतं ते हिच्या आतड्यांना सोसत नाही. चिमूटभरही नको, आणि जन्मभर नको. अनुश्री रडली. प्रेमलाबाईंनी डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी कणकेचा डबा घराबाहेर काढला. रायपुरात तांदळाला काय तोटा! भात, तांदळाची भाकरी, तांदळाच्या धिरड्यासारखा चिला, वाफवलेला फरा यांवर घर सुखानं जेवू लागलं.

अडचण होती ती पाकिटांची. पोरीला बिस्किट हवं, शेव हवी, कधी केक हवा. नवीन राजधानी झाल्यापासून शहरात मोठी मोठी दुकानं उघडली होती आणि तिथे 'ग्लूटेन-फ्री' असं झोकात छापलेली पाकिटं मिळू लागली होती. बुद्धभूषण नव्या रायपूरच्या ऑफिसातून येताना ती घेऊन आला. धर्मपालजींनी चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं.

"लिहिलं तर हाय," ते म्हणाले. "पण पाह्यलं कोनं?"

"बाबा, कंपनी पाहते ना."

"ट्रकवालाबी हेच म्हने."

मग मुलानं कुठून तरी तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. नमुना कुटायचा, छोट्या नळीतल्या पाण्यात हलवायचा, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर ग्लूटेन नाही, दोन आल्या तर आहे. पट्ट्या महाग, म्हणून धर्मपालजी उगाच एकही वाया घालवत नसत. पाकिटाच्या वरचं, मधलं, तळाचं बिस्किट घेऊन त्यांची पूड करत, जेवणाच्या टेबलावर तिचे चार भाग पाडत, आणि तेवढ्या वेळात कोणी पंखा लावला तर घर डोक्यावर घेत. सोनेरी डब्यातली महागडी बिस्किटं दोन रेघा घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या दुकानातला लेबल नसलेला साधा मुरमुरा छातीठोकपणे पास झाला. पास डब्यांना हिरवी चिकटपट्टी, फेल डब्यांना लाल, आणि लाल डबा नातीच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर. पोरीच्या गालांवर मांस चढलं. शाळेच्या गणवेशाची बाही आखूड झाली तेव्हा प्रेमलाबाईंनी ती सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला दाखवली. धर्मपालजी आपल्याच घरात पुन्हा साहेब झाले होते आणि मनातून फार सुखात होते.

पण घराबाहेर पंगती होत्या. दर बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळ्यांची पंगत बसे आणि खीर वाढली जाई. साक्षी मात्र पायऱ्यांवर आजीजवळ बसून आपल्या डब्यातलं खाई. कधी हट्ट केला नाही की रडली नाही. यंदा पौर्णिमेच्या आधी ती आजोबांच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. घरातलं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीतच येई.

"आबाजी, इस बार मैं भी लाइन में बैठूंगी. जो सब खाएंगे ना, वही."

"हव," आबाजी म्हणाले. एवढंच म्हणाले, पण रात्रभर त्यांना नीट झोप लागली नाही.

विहाराच्या मंडळाचा सेक्रेटरी विशाल मोठा उत्साही माणूस. धर्मपालजींनी गोष्ट काढताच तो म्हणाला, "काकाजी, एका पोट्टीसाठी कायले, पुरी खीरच तशी बनवू!" खीर तांदळाचीच असे, त्यामुळे काम अवघड नव्हतं. तांदूळ, साखर, वेलची, काजू, किसमिस, सारं धर्मपालजींनी आणवलं, पोत्यांच्या पोटातून नमुने काढले आणि तपासले. सगळं पास. विशालनं तेवढ्यात एक रंगीत बोर्ड छापून आणला: 'यंदाची खीर ग्लूटेन-फ्री'. तो विहाराच्या फाटकावर टांगला आणि फोटो ग्रुपवर टाकला. बोर्ड पाहून धर्मपालजींना कसंसंच झालं. आजवर त्यांनी दुसऱ्यांची लेबलं तपासली होती, हे लेबल त्यांच्या भरवशावर लागलं होतं.

खीर दरसाल कांताबाई करत. वयानं धर्मपालजींपेक्षा मोठ्या, त्यांना नावानं हाक मारणाऱ्या. पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी अंगणात चूल पेटवली, विहाराचं जुनं मोठं पातेलं, म्हणजे गंज, चढवला आणि मदतीच्या बायांना दम भरला, की कोणाच्या हाताला पीठ लागलेलं असेल तर तिनं फाटकाबाहेरच थांबावं. धर्मपालजींना अगदी निर्धास्त वाटलं. वंदना होईपर्यंत खीर आटून घट्ट झाली आणि वेलचीचा वास रस्त्यापर्यंत गेला.

साक्षी पांढरा फ्रॉक घालून पंगतीत जाऊन बसली होती, शेजारच्या सोनियाला चिकटून. आज डबा घरीच ठेवला होता. समोरची रिकामी थाळी ती दोन्ही हातांनी सारखी सरळ करत होती.

सामान पास झालं होतं, तरी शिजलेला मालही एकदा पाहावा ही धर्मपालजींची जुनी खोड. त्यांनी गंजाच्या पोटातून डावभर खीर काढली, निवू दिली, नळीत हलवली आणि पट्टी बुडवली. एक रेघ आली. ते पट्टी पुसून ठेवणार, तोच हळूहळू दुसरी आली. ते तडक चुलीपाशी गेले.

"कांताबाई, खिरीत काय टाकलं तुमी?"

"मी काय टाकलं? तू देल्लं तेच टाकलं ना बापा!"

"आनखी काही? आठवून सांगा."

"काईच नाई. गंजाच्या बुडाले भोक हाय, तेवढं बुजवलं."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? कणकीनं. दरसाली कणकीनंच तर बुजवतो आपन." धर्मपालजींचा चेहरा पाहून त्या घाईघाईनं सांगू लागल्या, "अन् पोट्टीच्या सामानाले लागू नये म्हनून मी कणीक इथं भिजवलीबी नाई. घरूनच गोळा आनला फडक्यात बांधून. लावला, हात धुतले साबनानं, मंगच तांदळाले हात लावला."

कांताबाईंच्या लेखी कणीक दोन प्रकारची होती, एक खायची आणि एक बुजवायची. बुजवायची कणीक हे अन्नच नव्हतं, ती दुरुस्ती होती. बाकीच्या बायांनाही भोक माहीत होतं, कणीक माहीत होती, आणि साक्षीला गहू चालत नाही हेही सगळ्यांना पाठ होतं. पण या तिन्ही गोष्टी एका जागी आणायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

धर्मपालजींना संताप आला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात कांताबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजे मी त्या लेकराले दुखनं देनार होतो काय रे धर्मपाल?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धर्मपालजींचा राग जिथल्या तिथे विरला. सगळं सामान चाळणारे ते स्वतः, आणि सामान ज्यात पडणार तो गंज त्यांनी एकदा वाकून पाहिलाही नव्हता.

"नाई, कांताबाई. गंज मी पाहाले पायजे होता," ते म्हणाले.

विशाल धावत आला आणि ऐकून खालच्या आवाजात म्हणाला, "काकाजी, हळू बोला. बोर्ड लागला, फोटो गेले. साक्षीसाठी छोट्या भांड्यात अलग बनवून घेऊ. दिसाले सारखीच दिसते, कोनाले काय कळते?"

"तिले कळते," धर्मपालजी म्हणाले.

ते फाटकाशी गेले, बोर्ड उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग माइक हातात घेतला. "बोर्ड चुकीचा होता. खीर चांगली हाय, ज्याले गहू चालते त्यानं खुशाल खावी. पन त्यात कणीक गेली. साक्षीले चालत नाई."

पंगतीत कुजबुज झाली. साक्षीनं आपली थाळी सोनियाच्या थाळीवर ठेवली, फ्रॉक झटकला आणि पायऱ्यांवर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. ती रडली असती तर धर्मपालजींना सोसलं असतं. ती सवयीनं उठून गेली, ते त्यांना सोसवेना.

तेवढ्यात प्रेमलाबाईंचा आवाज चढला. "बसून काय राहिल्या सगळ्या? घरी भाताच्या गंज्या नाईत काय तुमच्या?"

आणि बाया उठल्या. या सगळ्या विदर्भातून आलेल्या घराण्यांच्या, पण रायपुरात राहून दोन्ही वेळ भात खाणाऱ्या झालेल्या. घरोघरी एक गंजी अशी होती, जिच्यात भाताशिवाय दुसरं काही शिजत नसे. त्या गंज्या आल्या. दुधासाठी विशालच गाडी घेऊन पळाला आणि फोटोचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही. कणीक गेलेली खीर रस्त्यावर मंडप टाकून वाटसरूंना वाटली, आणि वैशाखाच्या उन्हात ती त्यांना अमृतासारखी लागली. आत शालिग्रामजी मात्र कुरकुरत होते, की एका पोट्टीसाठी एवढी माणसं उपाशी ठेवायची ही कुठली रीत! पण कुरकुरतच ते बसून राहिले, घरी काही गेले नाहीत.

धर्मपालजींपाशी आता एकच पट्टी उरली होती. साऱ्या गंज्यांतली खीर एकत्र करून तपासली तर थोडकं काही लपून जाऊ शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक गंजी घासताना ते डोक्यावर उभे राहिले, बूड उजेडाकडे धरून पाहिलं, डाव पाहिले, झाकण्या पाहिल्या, आणि कांताबाईंचे हातसुद्धा पाहिले. कांताबाईंनी ते मुकाट्यानं पुढे केले. खीर शिजली. दूध कमी पडल्यानं यंदा ती पातळच झाली होती. प्रत्येक गंजीतला चमचा एका वाटीत मिसळून त्यांनी पट्टी बुडवली आणि बायांचा घोळका त्यांच्या खांद्यावरून वाकला.

एक रेघ आली. सगळे थांबले. आणखी थांबले. कांताबाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. एकच रेघ राहिली.

माइक समोर होता, पण धर्मपालजींनी तो घेतला नाही. ते पायऱ्यांपाशी गेले आणि नातीला म्हणाले, "चाल." मग बायांकडे वळून म्हणाले, "वाढा."

साक्षी सोनियाशेजारी बसली. खीर आली, सगळ्यांच्या थाळीत तीच. तिनं पहिला घास घेतला तेव्हा धर्मपालजी समोरच्या ओळीत तिच्याकडे पाहत बसले होते, आणि आपली थाळी त्यांना दिसतही नव्हती. पोरगी भराभर जेवत होती. सोनियानं आपली खीर आधी संपवली, काजू तेवढे शेवटाला राखून ठेवले. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ साक्षीच्या थाळीत हात घातला.

धर्मपालजी अर्धे उठले. आजारपणापासून साक्षीच्या ताटात दुसऱ्या कोणाचा हात जाऊ दिला नव्हता त्यांनी. शाळेत सांगून ठेवलं होतं, लग्नाकार्यात पाहुण्यांवर ओरडले होते. त्यांचा हात पुढे आला, आणि मग त्यांना सोनियाच्या बोटांवर लागलेली खीर दिसली. तीच खीर होती ती. ते परत खाली बसले.

"आबाजी!" साक्षी साऱ्या विहाराला ऐकू जाईल एवढ्या जोरानं ओरडली. "इसने मेरा काजू खा लिया!"

धर्मपालजींनी आपली थाळी पुढे ओढली आणि ते म्हणाले, "तं मंग तू तिचा खाय ना."