बाजूची खुर्ची

ऑपरेटरीणबाईंनी नवऱ्याच्या डोक्यामागचा पट्टा आवळला, त्यात अडकलेले चार पांढरे केस मोकळे केले आणि मग स्वतःचा चष्मा चढवला. चष्मा आपला म्हणायचा. दिसायला तो पाणबुड्याचा वाटे. दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीने असे दोन पाठवले होते. डोळ्यांवर चढवले की सोफ्यावर बसल्या बसल्या माणूस थेट थिएटरात. लाल खुर्च्या, उंच छत, समोर भलामोठा पडदा. बाजूच्या खुर्चीत निळ्या शर्टातला, डोईभर केस असलेला एक तरणाबांड गृहस्थ दिसे. तो म्हणजे ऑपरेटर.

त्या खुर्चीसाठीच तर सगळा खटाटोप होता. ऑपरेटरांनी अडतीस वर्षं एकाच थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं आणि अडतीस वर्षं बाई खाली, शेवटच्या रांगेत, एकट्या सिनेमे पाहत आल्या. बायकोसाठी पास होता, नवऱ्याला सवड नव्हती. डोअरकीपर शेजारची खुर्ची रिकामी ठेवी. मध्यंतरात ऑपरेटर तिच्यावर तीन मिनिटं टेकत आणि चहा अर्धा टाकून वर मशीनच्या खोलीत पळत. बाईंना ऑपरेटरीणबाई हे नाव तिथल्याच लोकांनी चिकटवलं होतं. नवऱ्याशेजारी बसून एक सिनेमा, एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा, एवढी इच्छा त्यांनी जपली होती. आता थिएटर पाडलं होतं, ऑपरेटर निवृत्त होते. जुळून यायला काही हरकत नव्हती.

माशी शिंकली ती पहिल्याच दिवशी. मुलीच्या जन्माच्या वेळी लागलेला, बाईंचा तेवढा एकच राहून गेलेला सिनेमा लेकीने हौसेने शोधून दिला होता, जुन्या प्रिंटवरून उतरवलेला. वीसेक मिनिटं झाली आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, क्षणभर एक ठिपका चमकला. रीळ संपत आल्याची ती खूण. ऑपरेटर ताडकन उठले, नसलेल्या दुसऱ्या मशीनकडे झेपावले आणि टीपॉयवर आपटले. दुसऱ्या दिवशी बाईंनी टीपॉय हलवला, तर ते कपाटावर आदळले. मुलगी फोनवर पोट धरून हसली आणि म्हणाली, ठिपके नसलेले नवे सिनेमे लावा. संध्याकाळी ऑपरेटर म्हणाले की हे आपल्याच्याने व्हायचं नाही, तू बघ, मी नुसता शेजारी बसतो.

नुसतं बसणं बाईंना नको होतं. त्यांना रडू आलं. रडू आलं की त्या भांडी घासायला घेत; त्या दिवशी घासलेलीच पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सोफ्यावर येऊन बसल्या.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ठिपका. आज मशीनवर मी. तुम्ही प्रेक्षक."

ऑपरेटर हसले नाहीत. नव्या माणसाला समजवावं तसं त्यांनी समजावलं. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, मनात सात मोजायचे, लगेच दुसरा ठिपका दिसतो, त्यावर मशीन बदलायचं. चुकलं की पडदा पांढराफटक आणि खालून शिट्ट्या. इथे ना मोटर होती ना मशीन, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी शेवटी असं ठरलं की दुसऱ्या ठिपक्याला बाईंनी सोफ्याच्या हातावर थाप मारायची.

"नजर हलवायची नाही," ऑपरेटर म्हणाले. "हिरॉईन मेली तरी."

"नाही हलवत."

सिनेमा सुरू झाला. पहिल्या रिळाचा ठिपका आला तेव्हा निळा शर्ट ताठरलेला बाईंना डोळ्याच्या कडेने दिसला. त्यांनी सात मोजले, थाप मारली. चित्र अखंड पुढे सरकलं. ऑपरेटरांनी सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला आणि थोड्या वेळाने त्यांच्या खांद्याला खांदा टेकला. दुसऱ्या रिळाला ते जागचे हलले नाहीत. तिसरं संपायच्या आधीच निळ्या शर्टाची मान खाली गेली आणि शेजारून घोरणं ऐकू येऊ लागलं. सिनेमा चालू असताना या माणसाने आयुष्यात कधी डोळा मिटला नव्हता.

बाईंना त्यांची फार माया आली. उठवावं, असंही वाटलं. शेवटपर्यंत दोघांनी पाहायचं ठरलं होतं. पण उठवायचं तर मान वळवावी लागली असती, आणि ठिपका काय, कधीही आला असता.

पडदा काळा झाल्यावर त्यांनी आपला चष्मा उतरवला, मग हलक्या हाताने ऑपरेटरांचा. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला. जमलं का एकदाचं, कसा होता, गोष्ट काय होती, तिने एका दमात विचारलं.

बाई आठवू लागल्या. हिरॉईनचं लग्न झालं की नाही, कोण गेलं, कोण राहिलं, काही म्हणता काही डोळ्यांपुढे येईना.

"पाच रिळांची होती," त्या म्हणाल्या. "हळू बोल जरा, बाबा झोपलेत."