पायातलं दावं

अर्धांगवायूचा झटका आला आणि माझा डावा पाय परका झाला. चवडा उचललाच जायचा नाही. गालिच्याच्या कडेला अडकून मी तोंडावर पडायची. मुलानं, दास्ताननं, बाजारातून घोट्यावर चढवायचा लवचिक मोजा आणला. त्यानं घोटा उबदार राहिला, एवढंच.

मला एकच गोष्ट करायची होती. आमच्यात मूल चालू लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचं दावं बांधतात आणि मानाचं माणूस ते सुरीनं कापतं. माझा नातू अलदियार भिंत धरून उभा राहायला लागला तेव्हा दास्तान म्हणाला होता, "आई, दावं तूच कापायचं. तुझ्याशिवाय कोण?"

त्या शब्दावर मी हिवाळाभर भिंतीच्या कडेनं फेऱ्या मारल्या. अलदियार माझा झगा धरून मागे. दावंही मीच वळलं, एक हात आणि उरलेले चार दात लावून.

वसंतात शहरातल्या दवाखान्यात पायाचं माप घेतलं. पोटरीमागून तळव्याखाली जाणारी प्लॅस्टिकची पट्टी करायची होती.

"ही बुटातच घालायची हं, आजी," तिथल्या बाई म्हणाल्या. "नुसती घातलीत तर घसराल."

"बूट घालून गालिच्यावर गेले तर सून मला दारातूनच परत पाठवील!"

त्या हसल्या. "मऊ कातडी बूट वापरता ना, वरून रबरी गलोश? एक माप मोठे घ्या, पट्टी आत बसवू. दारात गलोश तेवढे काढायचे."

पट्टी न्यायच्या दिवशी दास्ताननं मला शेजारीण बाल्झानबरोबर गाडीत बसवलं. "सावकाश ये, आई. घाई करू नकोस."

पट्टी चढली आणि माझा चवडा उचलला गेला! दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी काठीशिवाय चालत गेले आणि रडले. कधी एकदा घरी दाखवते असं झालं होतं. पण बाल्झानचं आवरेचना. आधी खिमा भरलेली मांती खाऊ, मग चहा, मग परत चहा. एवढी हावरट कधीपासून झाली, असं मला वाटलं.

घरी आले तर अंगणात परक्या गाड्यांच्या चाकांचे ठसे. आत उकडलेल्या मटणाचा वास. मी दारात गलोश काढले, काठी तिथंच ठेवली आणि ताठ चालत आत गेले. कुणीच खूश झालं नाही. सून, अक्मारल, उष्ट्या ताटल्या गोळा करत होती. अलदियार डुलत पुढं आला. त्याच्या दोन्ही घोट्यांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची कडी होती. मधली दोरी कापलेली. माझीच दोरी.

"कुणी कापलं?"

"माझ्या बहिणीनं, आई," अक्मारल म्हणाली. "ती शाळेत मुलांना धावायला शिकवते."

"आई, कापणाऱ्याची चाल मुलात उतरते, असं तूच सांगायचीस ना?" दास्ताननं खाली बघत विचारलं.

"आणि नेमकी आजच पट्टी तयार झाली?"

"तारीख मीच मागून घेतली."

पाय गेला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला, आणि वर माझ्याच तोंडचे शब्द मला ऐकवले.

"तुझं दावं तुझ्या आजोबांनी कापलं होतं," मी म्हटलं. "लढाईत पाऊल गमावून आलेले. लोक नको नको म्हणत होते. सुरी मी त्यांच्या हातात दिली. तू कधी लंगडलास?"



मी माझ्या खोलीकडं वळले. अलदियारनं नेहमीसारखा झगा धरला आणि निघाला. माझं पाऊल आता स्वच्छ उचललं जात होतं. त्याचा डावा पाय मात्र गालिच्यावरून घासत येत होता. हिवाळाभर माझ्या मागून तो तेच तर शिकला होता.

अक्मारलनं ते पाहिलं. धावत येऊन तिनं माझा झगा त्याच्या मुठीतून सोडवला आणि त्याला उचलून नेलं.