संत्र्याची वाइन मुरेपर्यंत

मी एक जुना काचेचा बुधला आहे. पोट मोठं, मान आखूड. मित्रांनो, माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीत झाला. तिथून मी नागपुरात, इतवारीतल्या एका सरबतवाल्याकडे आलो आणि कितीतरी उन्हाळे खसचं सरबत सांभाळलं. पुढे प्लास्टिकचे कॅन आले आणि मी धूळ खात पडलो. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात काम करणाऱ्या रुपरावांनी मला उचललं आणि शहराच्या कडेच्या बेसा भागातल्या आपल्या घरी नेलं.

रुपराव दर हिवाळ्यात संत्र्याची वाइन करीत. ती मोठ्यांची वस्तू, तुमच्यासाठी नाही; पण त्यांचा धीर पाहण्यासारखा होता. नवी वाइन जिभेला झोंबते. ती माझ्यात गळ्यापर्यंत भरायची, घट्ट बूच लावायचं, अंधारात ठेवायचं. गाळ खाली बसला की वरची नितळ वाइन नळीने काढून घ्यायची, मला धुऊन पुन्हा भरायचं आणि वाट पाहायची. पाहुणे चव घेऊन वाहवा करीत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

गेल्या हिवाळ्यात वाइन भरली आणि रुपरावांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं. वर्षानुवर्षं चघळलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने गाल आतून सडवला होता. ते वाचले, पण चव गेली. डॉक्टरांनी वाइनचा थेंबही बंद केला. तरी हाती घेतलेलं काम त्यांना सोडवेना. मग त्यांनी बायकोला, जयवंताबाईंना, चाखायला बसवलं. बाईंनी जन्मात वाइन तोंडाला लावली नव्हती.

"कशी लागते वं?"

"गाल आवळून राहिले. कच्चा पेरू खाल्ल्यावानी."

"मंग कच्चीच हाये. राहू दे."

होळीनंतर पुन्हा एक घोट झाला. "आता गाल सोडले, पण मागून कडू येते," बाई म्हणाल्या.

"सालीखालचा पांढरा पापुद्रा राहिला असन. तेही मऊ होते. पावसाळा लागू दे."

पावसाळ्याआधी नागपूरचा मे महिना असतो. बाई माझ्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळत. घरात कूलर एकच.

"तुमच्याकडे करू का कूलर?"

"मले नको. बुधल्याकडे कर."

मग एका सकाळी रुपरावांना पुन्हा दवाखान्यात नेलं आणि घराला कुलूप लागलं. गोणपाट वाळून कडक झालं. तापलेली वाइन फुगली आणि तिने बूच उडवलं. आत हवा शिरली, चिलटं शिरली. मी कोणाला हाक मारणार?

कुलूप उघडलं तेव्हा जयवंताबाई मुलीबरोबर, हर्षाबरोबर, परतल्या होत्या. रुपराव नव्हते. बाईंनी माझ्यातून वाटीभर वाइन काढली. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबली," त्या म्हणाल्या.

"फेकून दे ना आई."

"तिथं रोज विचारत होते, कशी झाली म्हणून. मी घरी आलीच नव्हती. मनानंच सांगत होती, मऊ झाली, मधावानी उतरते."

"बाबांना खरं वाटलं?"

"नाही वं. म्हणाले, खोटं बोलून राहिली तू, मे महिन्यात थोडीच मऊ होते." बाईंनी वाटी पुन्हा तोंडाजवळ नेली. "मंग म्हणाले, पण सांग. अजून सांग."

हर्षाने आईच्या हातातली वाटी काढून घेतली. मला तिनेच मोरीत उपडं केलं.

मित्रांनो, आता मी गच्चीवर रिकामा उभा आहे. माझी एकच विनंती ऐका. मुरत ठेवलेल्या वस्तूला राखण लागते आणि माणसाला तर फारच लागते. तुमच्या घरात कोणाचं तोंड नीट उघडत नसेल, तिखट घासाला डोळ्यांत पाणी येत असेल आणि तरी ते 'काही नाही' म्हणत असतील, तर ऐकू नका. त्यांचा हात धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा.