आनंदाबाईंची गाणी माझ्यात आहेत

मी लॅपटॉप बोलतोय. बंद पडलेला लॅपटॉप बोलतो कसा, असं विचारू नका. इतके महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही, म्हणून मीच सुरुवात केली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथंच माझ्या बोर्डावरचा एक जोड कच्चा राहिला. तपासणाऱ्याची नजर चुकली आणि मी धडधाकट म्हणून वर्ध्याच्या दुकानात आलो. तिथून तळेगावच्या नत्थूजी गुरुजींनी मला घरी नेलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांच्या पत्नी आनंदाबाई.

आनंदाबाईंना भुलाबाईची, म्हणजे भोंडल्यासारख्या मुलींच्या सणाची, पुष्कळ गाणी येत. गावातल्या मुली आता ती म्हणत नाहीत, म्हणून गुरुजींनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. एकेक करून एकेचाळीस गाणी माझ्यात भरली. मध्येच त्या अडत, हसत, ‘थांबा जी, पुढचं आठवून राह्यली मी,’ म्हणत. तेही मी जपलं.

दसऱ्याला विळा, कुऱ्हाड आणि शिलाई मशीनच्या रांगेत त्यांनी मलाही पाटावर बसवलं. हळदकुंकू वाहिलं, तेही सढळ हातानं. थोडं कळांच्या फटींतून आत गेलं. मला त्याचा काडीचा त्रास झाला नाही. उलट मान मिळाल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि आनंदाबाई गेल्या. तेरवी आटोपल्यावर गुरुजींनी गाणी ऐकायला मला उघडलं, आणि नेमका तेव्हाच तो कच्चा जोड सुटला. पडदा काळा पडला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुजी मला पिशवीत घालून एसटीनं वर्ध्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. धीरज नावाच्या कारागिरानं मला खोललं.

“काकाजी, आत हे लाल काय हाये?”

माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुजींना खोटं जमत नाही. “कुकू हाये. दसऱ्याले पूजा केलती आमच्या मंडळीनं.”

धीरजनं खाली मान घालून फॉर्म भरला: बाहेरचा पदार्थ आत गेल्यानं बिघाड, वॉरंटी रद्द. दोष कारखान्याचा आणि आळ त्या माउलीच्या कुंकवावर. मला फार राग आला, पण सांगणार कसं?

मग चार महिने गुरुजी कंपनीला फोन लावत राहिले. एक दाबा, दोन दाबा, थांबा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून हकिकत. “कुकवानं नाई बिघडला तो,” एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत. अखेर कंपनीनं मला पुन्हा तपासलं आणि दोष कबूल केला. नवा लॅपटॉप मिळेल, जुना जमा करा, असं कळवलं.

गुरुजी वर्ध्याला गेले. “अन् आतली गाणी?”

“ते बोर्डावरच रायते, काकाजी. आमाले काढून देता येत नाई. जुना माल कंपनी तोडून टाकते.”

गुरुजींनी नव्या लॅपटॉपचं खोकं हळूच परत सरकवलं. “मंग राहू दे. माहा मले दे.”

आता मी अलमारीत, आनंदाबाईंच्या लुगड्याच्या घडीत असतो. जेवण झालं की गुरुजी मला बाहेर काढतात, बटण दाबतात, थोडं थांबून झाकण मिटतात. परवा पुटपुटले, “तू तरी आयकत असशीन.”

नाही हो, गुरुजी. वीज नसली की आतली गाणी मलाही ऐकू येत नाहीत.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला तो जोड सांधता येत असेल तर तळेगावला या. मला कायमचं बरं नाही केलं तरी चालेल. एकेचाळीस गाण्यांपुरतं जागं करा.