मोडक्या मनगटाचं मत

निवडणुकीच्या दिवसांत टपालपेटीत प्रचाराचा कचरा किती साचतो, हे आपण सगळेच जाणतो. त्याच कचऱ्यात निवडणूक कार्यालयाचं एक पत्रही गुद्रुन हॅल्वर्सनबाईंनी न फोडता टाकून दिलं.

घराघराला पाईपचा गॅस मिळण्याचा हक्क राखावा की नाही, यावर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टपालाने मतदान झालं होतं. बाईंच्या दिवंगत नवऱ्याने तिथल्या टाकोमा शहरात जन्मभर गॅसचे पाईप जोडले. "ही माणसं घरोघरी विष पोचवतात," असं समोरच्या घरातला डेस्मंड प्रुइट भर सभेत म्हणाला आणि बाईंनी त्याचं नाक कापायचा विडाच उचलला. दुकानाबाहेर पावसात उभ्या राहून त्यांनी हक्क राखण्याच्या प्रस्तावासाठी सह्या गोळा केल्या. नेमक्या त्याच्या खिडकीसमोर फलक रोवताना ओल्या पानांवरून घसरल्या, उजवं मनगट मोडलं. मतपत्रिका त्यांनी डाव्या हाताने भरली, पाकिटावर सहीही डाव्याच हाताने केली आणि ते टपालात टाकलं. "हात गेला तरी चालेल, तो हरला पाहिजे!"

मोजणी चालू असताना दार वाजलं. दारात डेस्मंड!

"जखमेवर मीठ चोळायला आलास?"

"पाकिटावरची सही तुमच्या जुन्या सहीशी जुळत नाही, गुद्रुनबाई. कार्यालयाचं पत्र आलं असेल. त्यावर नवी सही करून पाठवा, तीच नोंदवून मत मोजतील, नाहीतर मत बाद."

"तुला रे कुणी सांगितलं?"

"सहीपायी मत अडकलेल्यांची नावं कार्यालयात मागितली की मिळतात. आम्ही दारोदार फिरतोय."

"माझं मत तुझ्या विरोधात आहे, ठाऊक नाही?"

"पडदा सरकवला की तुमचा फलकच दिसतो! ठाऊक कसं नसेल?"

"मग यात काय डाव आहे तुझा?"

"खरं सांगू? तुम्ही घरी नसाल तर बरं, असंच वाटत होतं. पण मला तुम्हाला हरवायचंय. तुमचं मत न मोजता हरवलं, तर मी काय जिंकलो?"

"आणि माझ्या माणसाला विष वाटणारा म्हणालास, ते?"

"ते चुकलं. बोलायचं होतं गॅसबद्दल, बोललो माणसांबद्दल. गॅसबद्दलचं मात्र मागे घेणार नाही."

"घेऊ नकोसच!" बाईंनी दार आपटलं. मग रद्दी उपसून पत्र शोधलं आणि डाव्या हाताने सही केली.

खिडकीतून पाहिलं, तर डेस्मंड शेजारच्या टिबेट्सबाईंचं दार ठोठावत होता. म्हणजे त्यांचंही मत अडकलं होतं, आणि ते नक्कीच डेस्मंडच्या बाजूचं! त्या याकिमाला बहिणीकडे गेल्याचं फक्त गुद्रुनबाईंना माहीत होतं. गप्प बसलं की काम फत्ते! डेस्मंड कंटाळून वळला. बाईंना क्षणभर गोड वाटलं, आणि लगेच स्वतःचीच किळस आली. त्यांनी खिडकी उघडली.

"अरे ए! ती याकिमाला आहे. थांब, नंबर देते!"

डेस्मंड बघतच राहिला.

"बघतोस काय? उपकार नाहीत हे. तिचंही मत मोजू दे, आणि मग हरवते तुला!"

नागरिकहो, वैर असेल तर खुशाल असू द्या. पण विरोधकाचं मत न मोजता मिळालेला विजय ही चोरी आहे, आणि चोरीने सूड कधीच पुरा होत नाही!