मामाची पाच बटणं

मोबाईलवरचा पोकर कायमचा सोडला, असं मामाने मामीला वचन दिलं होतं. पुन्हा खेळला तर ती माहेरी जाणार होती. घरी पैशांऐवजी बटणं लावून खेळायला मात्र तिची हरकत नव्हती.

काल पत्ते वाटून झाले. सुरुवातीची सक्तीची बोली दोन बटणांची. ती वाढवायची तर आमच्याकडे सगळे थेट दहा लावतात, कारण कमी लावलं की कुणी पत्ते टाकून माघार घेतच नाही. मामाही कायम दहाच लावायचा. काल त्याने पाच सरकवली. पुढच्या डावालाही पाचच! माझ्या मनात पाल चुकचुकली. मैत्रिणीचा दादा मोबाईलवर खेळतो ना, तिथे पहिल्या बोलीच्या अडीचपट, म्हणजे दोनाला पाच, पुरते. तिथले लोक पटापट माघार घेतात.

"मामा, एवढा कंजूष कधीपासून झालास?"

"जपून खेळतोय गं, शहाणे."

"पाचला तर आजोबासुद्धा घाबरत नाहीत! ही मोबाईलवरची सवय दिसतेय."

मामा उगाचच हसला. "शाळेत हेच शिकवतात वाटतं हिला?"

मामीने स्वतःचे पत्ते न बघताच बाजूला ठेवले आणि हात पुढे केला. "फोन द्या."

"अगं, चार्जिंग संपलंय."

"चार्जर आण गं," मामी मला म्हणाली. "आपण थांबू."